मडकेवाल्याची परिभाषा समिती

लहान मूल घरात आलं की घड्याळ नुसतं भिंतीच्या शोभेपुरतं उरतं. वेळा दोनच : मूल जागं आहे, आणि मूल झोपलंय. हडपसरच्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या पूर्वाच्या दिवसात मात्र तिसरीही एक वेळ होती : मूल झोपलंय खरं, पण श्वास घेतंय ना, हे बघायची. ती उठून जायची, सुगतच्या नाकापुढे बोट धरायची, बोटाला ऊब लागली की परत यायची. आई झाल्यापासून तिला प्लगच्या भोकांत, टेबलाच्या कोपऱ्यांत, फुटाण्यांच्या वाटीत, सगळीकडे संकटं दबा धरून बसलेली दिसत. त्याआधी ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायची आणि त्याचं कौतुक व्हायचं. आता तीच नजर घरभर फिरायची आणि नवरा, प्रज्ञेश, म्हणायचा, ‘‘अगं, बस की जरा.’’

नोकरी सोडल्यापासून तिचं नाव छापून आलं होतं ते एकाच ठिकाणी. लसीकरणाच्या कार्डावर, ‘आईचे नाव’ या रकान्यात.

तर अशी ही पूर्वा दुपारी मूल झोपलं की काय करायची, हे सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं. ती मडकेवाला खेळायची.

मडकेवाला हे काही त्या गेमचं खरं नाव नव्हे. खरं नाव जपानी होतं, आणि कॅसेटवरचा कागद इतका सोलला होता की ते जपान्यालाही वाचता आलं नसतं. डोक्यावर मडकं घेतलेला एक बुटका माणूस एकामागून एक किल्ले ओलांडत जातो. मडकं फुटलं की मेला, एवढीच कथा. खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये पूर्वा आणि तिची थोरली बहीण सोनाली उन्हाळ्याच्या सुट्ट्या या मडकेवाल्यापायी घालवायच्या. देशाचे दरवाजे तेव्हा नुकतेच उघडले होते म्हणे. क्वार्टर्समधल्या पोरांना त्या दारातून आत आलेल्या दोनच वस्तू माहीत होत्या : परदेशी कोला आणि चिनी टीव्ही गेम. कॅसेटवर लिहिलेलं असायचं की आत नऊ लाख गेम आहेत. निघायचे पाच. बाकीचे तेच, मडक्याचा रंग बदललेले. कॅसेट चालली नाही की काढायची, तिच्या पोटात फुंकर मारायची, पुन्हा घालायची. ही विद्या कुणी कुणाला शिकवली नव्हती, तरी खडकीपासून खडकवासल्यापर्यंत प्रत्येक पोराला येत होती. आणि प्रत्येक घरात एक मोठं माणूस मधूनमधून येऊन म्हणायचं, ‘‘बास झालं. पिक्चर ट्यूब जाईल.’’ गेममुळे एकाही घरातली पिक्चर ट्यूब गेल्याचं कुणी ऐकलं नाही. पण धाक होता.

बाळंतपणाहून परत येताना पूर्वाने माहेरच्या माळ्यावरचा तो गेमचा डबा दुपट्यांत गुंडाळून आणला. सासरच्यांना वाटलं, डिंकाचे लाडू. मग एका दुपारी, सुगत मांडीवर झोपलेला आणि मोबाईल एका हातात, अशा अवस्थेत तिला शोध लागला की जगात मोठी मोठी माणसं, नोकरीधंदा असलेली, काही टक्कल पडलेली, हाच मडकेवाला खेळत आहेत. जिंकायला नव्हे, जिंकून सगळ्यांचं कधीच झालं होतं. लवकरात लवकर संपवायला. याला स्पीडरनिंग म्हणतात, या मंडळींचं एक मंडळ आहे, आणि मंडळाच्या पाटीवर कुणी किती वेळात गेम संपवला त्याची नावं लागतात. फिनलंडच्या माणसाचं नाव होतं, ब्राझीलच्या माणसाचं होतं. भारतातलं एकही नव्हतं.

पूर्वा सरावाला लागली. सहा महिन्यांनी भारतातल्या हौशी खेळाडूंनी इंटरनेटवर एक दिवसभराची मॅरेथॉन ठरवली. प्रत्येकाने आपापल्या घरून खेळायचं, जग बघणार. पूर्वाने नाव पाठवलं आणि तिला शनिवारी संध्याकाळी सातची पाळी मिळाली. नेमून दिलेल्या वेळात गेम संपला, तर नाव पाटीवर. नाही संपला, तर ‘धन्यवाद’ म्हणून पुढच्याची पाळी सुरू. दुसरी संधी नाही.

आता अडचण एकच होती : टीव्ही.

हॉलमधल्या पातळ टीव्हीला एक खोड होती. बटण दाबल्यावर तो किंचित विचार करून मगच मडकेवाल्याला उडवायचा. पेंगणाऱ्या बाळाच्या आईला हे चालतं, स्पीडरनरला चालत नाही. त्याला जुना, जाड, काचेच्या पोटाचा टीव्हीच लागतो. आणि ही गोष्ट आहे नेमक्या त्या वर्षांतली, जेव्हा घरोघरचे जाड टीव्ही भंगारवाल्याच्या हातगाडीवर उताणे पडून सोसायट्यांच्या गेटांतून बाहेर चालले होते. पूर्वाच्या घरात एक उरला होता. सासऱ्यांच्या खोलीत.

सासरे भीमराव भाषेच्या सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. इंग्रजी शब्दांना मराठी शब्द घडवणं हे त्यांचं काम. एका नळाच्या झडपेला त्यांनी घडवलेला शब्द सर्व समित्यांतून मंजूर होऊन आला, तोवर त्या जातीची झडप बनणंच बंद झालं होतं. पण शब्द निर्दोष होता, हे ते आजही सांगत. बढती मिळाली त्या वर्षी त्यांनी हा रंगीत टीव्ही घेतला होता. दर दसऱ्याला नागपूरचा दीक्षाभूमीचा सोहळा सगळं घर त्याच्यापुढे बसून बघायचं, आणि रोज सातच्या बातम्या ते एकटे.

‘‘बाबा, एका शनिवारी संध्याकाळी तुमचा टीव्ही मिळेल?’’

‘‘कारण?’’

पूर्वाने एका दमात सांगून टाकलं. ‘‘मला एक लाइव्ह रन करायचीये. एनी परसेंट. हॉलमधल्या टीव्हीवर लॅग येतो, त्यामुळे वॉल क्लिप लागत नाही, ती फ्रेम-परफेक्ट आहे ना. आणि आरएनजी वाईट आला तर—’’

भीमरावांनी चष्मा काढला. समोरच्याला थांबवायचं असलं की ते चष्मा काढत.

‘‘पूर्वा, यातलं मला ‘मला’ आणि ‘तर’ एवढं समजलं.’’

‘‘बाबा, गेम खेळायचाय.’’

‘‘गेमने पिक्चर ट्यूब जाते.’’ त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. ‘‘आणि ज्या गोष्टीची व्याख्या करता येत नाही, तिच्यासाठी मी बातम्या सोडणार नाही. आधी शब्द सांग. एकेक. मराठीत.’’

रात्री प्रज्ञेश आयटी पार्कातून आल्यावर तिने त्याला हे सांगितलं. तो खूष झाला. म्हणाला, ‘‘मिटलं की! पाच-सहा शब्द तर आहेत. एका बैठकीत होईल.’’ या मनुष्याचा जन्म भीमरावांच्या घरात झाला होता, तरी तो असं म्हणाला.

कारण भीमरावांचं मत होतं की एकट्याने केलेली व्याख्या म्हणजे नुसतं मत. तिघांनी केली की ती परिभाषा. रविवारी सकाळी हॉलमध्ये समिती बसली. अध्यक्ष भीमराव. सदस्य श्यामलाकाकू, राहणार चौथा मजला, जन्मभर शाळेत संस्कृत शिकवून आता सोसायटीला शिस्त शिकवणाऱ्या. दुसरे सदस्य सर्जेराव. ही सोसायटी ज्या उसाच्या रानावर उभी होती ते रान त्यांचं. बिल्डरने बदल्यात फ्लॅट दिले होते, पण सर्जेराव अजून इमारतीचा पत्ता पिकांवरूनच सांगत. आल्या आल्या म्हणाले, ‘‘सुनबाई, तुमचं हे सैपाकघर हाय न्हवं, बराबर हितं खाली आमची हीर हुती. लई ग्वाड पानी.’’ पूर्वाच्या डोळ्यांपुढे लगेच सुगत सहा मजले खाली विहिरीत पडताना दिसला.

‘‘पहिला शब्द,’’ भीमराव म्हणाले. ‘‘एनी परसेंट.’’

‘‘म्हणजे शेवटचा दरवाजा गाठायचा, की संपलं,’’ पूर्वा म्हणाली. ‘‘वाटेतला खजिना घेतला नाही, राक्षस मारले नाहीत, तरी चालतं. आणि सगळंच्या सगळं करायचं असेल तर हंड्रेड परसेंट.’’

‘‘आसं व्हय!’’ सर्जेराव सरसावले. ‘‘म्हंजी लग्नाला जायाचं, अक्षता टाकायच्या, ताट वाढून घ्यायचं, की गाडीला किक. सुपारी कवा फुटली, हळद कुनाला लागली, आपल्याला काय करायचं? आन दुसरं म्हंजी सुपारीपासनं गोंधळापत्तूर.’’

भीमरावांनी लिहिलं : अक्षतेपुरती धाव, सांगोपांग धाव.

‘‘आमच्या नात्यात अक्षतेपुरतेही नसतात हो,’’ श्यामलाकाकू म्हणाल्या. ‘‘थेट पंगतीला उगवतात. त्याला काय म्हणतात?’’

‘‘त्याला सीक्वेन्स ब्रेक म्हणतात, काकू. मधले टप्पे ओलांडून एकदम पुढे.’’

‘‘बघा, शब्द आहे म्हणजे परदेशातही नातेवाईक असेच.’’

आरएनजी म्हणजे गेमच्या लहरीवर चालणाऱ्या गोष्टी. वटवाघूळ डावीकडून येणार की उजवीकडून, येणार की नाहीच येणार, ते खेळणाऱ्याच्या हातात नाही. यावर काकू म्हणाल्या, ‘‘रिक्षावाला.’’ कुणाला स्पष्टीकरण लागलं नाही. ‘रिक्षान्याय’ एकमताने मंजूर झाला.

फ्रेम-परफेक्टला मात्र समिती अडली. ‘‘डोळ्याचं पातं लवायच्या आत, नेमक्या त्याच क्षणी,’’ असं पूर्वा पुन्हा पुन्हा सांगत होती आणि भीमराव ‘‘मोघम, मोघम’’ म्हणत होते. शेवटी ती वैतागली. ‘‘बाबा, सुगतला कडू औषध द्यायचंय. तोंड घट्ट मिटलेलं. मी चमचा धरून बसलेय. त्याला जांभई येते. जांभईच्या ऐन मध्यावर एक क्षण असतो, तेव्हा चमचा आत. आधी गेला तर त्याच्या नाकात, नंतर गेला तर माझ्या अंगावर.’’

‘‘अगदी खरं,’’ आतून तिच्या सासूबाई, राधाबाई म्हणाल्या. त्या समितीत नव्हत्या. सगळ्यांसाठी दुसऱ्यांदा चहा टाकत होत्या.

भीमरावांनी हळूच लिहिलं : जांभईक्षण. आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. खात्यात इतक्या वर्षांत असा शब्द हाती लागला नव्हता.

सॉफ्टलॉक म्हणजे गेम मेलेला नसतो, मडकेवाला जिवंत असतो, पण अशा जागी अडकतो की पुढे जाता येत नाही आणि मागेही. ‘‘आपल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स डीड,’’ काकू म्हणाल्या आणि जागा सोसायटीच्या नावावर व्हायची वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या तिघांनीही सुस्कारा सोडला. वॉल क्लिप म्हणजे मागे तोंड करून, वाकून, भिंतीला घासून उडी मारली की मडकेवाला भिंतीच्या आरपार जातो आणि मधला अख्खा किल्ला वाचतो. काकूंनी ‘भित्तिवेध’ सुचवला. शब्द भारदस्त होता. पण पूर्वाच्या तोंडून निघून गेलं, ‘‘आम्ही लहानपणी याला भिंत खाणं म्हणायचो. सोनालीताई ओरडायची, खाल्ली, खाल्ली, भिंत खाल्ली!’’

‘‘प्रचलित शब्द असताना नवा घडवू नये,’’ भीमराव म्हणाले. ‘‘भिंत खाणे. मंजूर.’’

‘‘बरं झालं मी वेळेत निवृत्त झाले,’’ काकू म्हणाल्या.

सर्वांत शेवटी आला रीसेट. पूर्वाने सांगितलं, की सुरुवातीलाच चूक झाली तर पुढे रडतखडत खेळण्यात अर्थ नसतो. डब्यावरचं लाल बटण दाबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. भीमरावांचे डोळे चमकले. ‘‘चूक सावरीत न बसता, धाव सोडून, नव्याने आरंभ करणे. वा! हयातभर मी दुसऱ्यांचे मसुदे सावरत बसलो. हे बटण खात्यात पाहिजे होतं.’’

टीव्ही मंजूर झाला. पण समितीने एक ठरावही केला : व्याख्या प्रत्यक्ष व्यवहारात तपासण्यासाठी समिती शनिवारी जातीने उपस्थित राहील.

मधल्या दिवसांत शब्दांना पाय फुटले. लिफ्ट बंद पडली तेव्हा श्यामलाकाकू चौथ्या मजल्यावर चढून आल्या आणि जिन्यातच धापा टाकत म्हणाल्या, ‘‘पीबी!’’ म्हणजे पर्सनल बेस्ट, स्वतःचाच जुना उच्चांक मोडला. सर्जेराव लोणी काळभोरला मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नाला जाऊन तासाभरात परत आले आणि गेटवरच म्हणाले, ‘‘अक्षतेपुरतं.’’ तळमजल्यावरच्या एका वहिनींनी पूर्वाला बाजूला घेऊन सांगितलं, की जागरण होत असेल तर जायफळ उगाळून दे. बाळाला की मला, हे विचारायचं धाडस पूर्वाला झालं नाही. दुसऱ्या एका आजोबांनी सल्ला दिला, की गेम खेळायचाच तर बुद्धिबळ खेळ, त्यात टीव्ही लागत नाही. सोसायटीच्या नव्या कोऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘शनिवारी सहाव्या मजल्यावर जागतिक स्पर्धा. अल्पोपाहार आहे का?’

पूर्वाला हवी होती शांतता. मिळत होता अल्पोपाहार.

शनिवारी दुपारपासून तिने घराची तटबंदी केली. बेलची बॅटरी काढली. कुकर लावायला बंदी केली. दुधाची पातेली एकात एक ठेवली होती ती सुटी केली, कारण ती आपोआप घसरून वाजतात. इन्व्हर्टर तपासला, मग प्रज्ञेशला तपासायला लावला, मग त्याने नीट तपासला का ते तपासलं. सुगतला राधाबाईंकडे हॉलमध्ये दिलं. भीमरावांच्या खोलीत एक वायर टीव्हीला, एक लॅपटॉपला, लॅपटॉपचा कॅमेरा खोलीवर, आणि लॅपटॉपमधून बंगळुरूचा सूत्रधार मुलगा इंग्रजीत सगळ्या जगाला सांगत होता, की आता पुण्याहून पूर्वा येत आहे.

पलंगावर काकू, खुर्चीत सर्जेराव, दारात उभा प्रज्ञेश. भीमराव इस्त्रीचा सदरा घालून डब्याशेजारी स्टुलावर बसले होते. वेळ बघण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. सात वाजले. पूर्वाने गेमचा रिमोट धरला.

पहिला किल्ला सुरू झाला. पहिली उडी, दुसरी उडी. सगळं जमत होतं. आणि हॉलमध्ये सुगत खोकला.

खोकला साधाच होता. पण आईच्या कानाला साधा खोकला नसतो. कोरडा की ओला? घशात काही गेलं की काय? पूर्वाचं डोकं तिकडे वळलं आणि मडकेवाला थेट काट्यांवर. मडकं फुटलं.

यात तसं बिघडलं काहीच नव्हतं. मडकी तीन असतात. थोडा वेळ गेला होता, पुढे भरून निघाला असता. मॅरेथॉनमध्ये सगळे असंच करतात, चुकलं तरी पुढे जातात, कारण घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. लाल बटण असतं ते घरच्या सरावात. हा अपवाद पूर्वाने समितीला सांगितलाच नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या कामात अपवाद शोधणारी बाई, आणि नेमका हाच राहिला.

भीमराव उठले. सदरा सारखा केला. आणि अत्यंत शांतपणे, व्याख्येत लिहिल्याबरहुकूम, त्यांनी लाल बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मग जपानी अक्षरं आली, आणि मडकेवाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहून मान हलवू लागला.

लॅपटॉपमधला सूत्रधार गोंधळून विचारू लागला, की पुण्यात नेमकं काय झालं.

‘‘बाबा,’’ प्रज्ञेश म्हणाला, ‘‘हे काय केलंत?’’

‘‘आरंभीच चूक झाली,’’ भीमराव म्हणाले. मग त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला. आवाज खाली आला. ‘‘नव्हतं करायचं?’’

रडायला वेळ नव्हता, ही स्पीडरनिंगची एक चांगली बाजू आहे. पूर्वा खेळायला लागली होती. पण हिशेब तिला स्वच्छ दिसत होता : नेहमीच्या वाटेने गेलं तर नेमलेल्या वेळात शेवटचा दरवाजा येत नाही. एकच उपाय, तिसऱ्या किल्ल्यात भिंत खायची. या टीव्हीवरच्या सरावातही ती पाचात एखादी वेळ जमायची. म्हणूनच आज तिने सुरक्षित वाट धरायची ठरवली होती. तिने आयुष्यात नेहमी सुरक्षित वाटच धरली होती.

तिसरा किल्ला आला. मागे तोंड, वाकून, घासून, उडी. मडकेवाला भिंतीत शिरला. आणि भिंतीतच राहिला. मडकं तेवढं विटांमधून बाहेर दिसत होतं.

‘‘कन्व्हेयन्स डीड झालं,’’ काकू पुटपुटल्या.

पूर्वा पडद्याकडे बघत राहिली. असं अडकलेलं मडकं तिने पाहिलं होतं. खडकीला, दुपारी, पडदे ओढलेल्या खोलीत. सोनालीताई तेव्हा म्हणायची, बंद नको करूस, बंद केलं की आई म्हणेल बास झालं. मग ताई दुसरा रिमोट घ्यायची, आणि मडकं पांढरं चमकलं की त्याचं उडीचं बटण दाबायची, इकडून पूर्वा पुढे ढकलायची. कधीकधी तो सुटायचा. दोघी गादीवर लोळून हसायच्या. मंडळातल्या कुठल्याही टकल्याला हे ठाऊक नव्हतं, कारण ते सगळे एकटे खेळत मोठे झाले होते.

‘‘बाबा, दुसरा रिमोट घ्या. मडकं पांढरं झालं की उजवीकडचं बटण. मी दाबा म्हटलं की दाबा.’’

‘‘मी?’’

‘‘माझे दोन्ही हात अडकलेत. घ्या!’’

भीमरावांनी रिमोट दोन्ही हातांत, एखादी सही न झालेली फाईल धरावी तसा धरला.

मडकं चमकलं. ‘‘दाबा!’’

‘‘आत्ता?’’ भीमरावांनी विचारलं. तेवढ्यात मडकं पुन्हा मातीचं झालं.

‘‘विचारायचं नाही, बाबा! जांभईक्षण आहे!’’

‘‘हो, हो.’’ चमकलं. ‘‘दाबा!’’ भीमरावांचा अंगठा उठला, थांबला, त्यांनी पूर्वाकडे पाहिलं. गेलं.

‘‘आवो सायेब,’’ सर्जेराव खुर्चीतून उठले, ‘‘दाबा की! का जीआर निघायची वाट बघताय?’’

मडकं चमकलं.

‘‘भीमराव, चर्चा नको!’’ काकू पलंगावर उभ्या राहून कडाडल्या. पाठ न केलेल्या मुलावर जन्मभर हाच आवाज पडला असणार. भीमरावांनी दचकून बटण दाबलं.

मडकेवाला भिंतीतून सुटला आणि पलीकडे पडला. पूर्वा किंचाळली, ‘‘खाल्ली!’’ सगळी खोली ओरडली, ‘‘खाल्ली!’’ हॉलमध्ये सुगत भोकाड पसरून रडू लागला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्वाने त्याच्या रडण्याचा अर्थ न लावता पुढची उडी मारली. शेवटचा दरवाजा गाठला तेव्हा नेमलेला वेळ संपायला एखाद्या घोटापुरतं अंतर होतं.

पण पाटी म्हणजे पाटी. मंडळाचे तीन नियमपालक, एक फिनलंडचा, एक कॅनडाचा, एक ब्राझीलचा, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : मध्येच येऊन बटण दाबणारे, आणि नंतर दुसरा रिमोट हाती घेणारे हे सद्गृहस्थ कोण? एकट्याच्या यादीत ही धाव बसत नव्हती. वगळावी, तर भिंतीतून सुटण्याची ही युक्ती जगात कुणी आजवर पाहिलेली नव्हती. चर्चा सुरू झाली. पूर्वा दिवसातून कितीदा तरी मोबाईल बघायची. भीमराव जेवताना, वरणाच्या वाटीकडे बघत, विचारायचे, ‘‘समितीचं काय?’’

‘‘चालू आहे.’’

‘‘चालू असू दे. घाईत घेतलेले निर्णय टिकत नाहीत.’’ आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, ‘‘माझ्यामुळे झालं ते.’’

‘‘बाबा, अपवाद मी सांगायला हवा होता.’’

‘‘समितीने विचारायला हवा होता,’’ भीमराव म्हणाले. एवढ्या मोठ्या निवृत्त अधिकाऱ्याच्या तोंडून असं वाक्य या घरात पहिल्यांदाच निघालं होतं. राधाबाईंनी त्यांच्या पानात न मागता पोळी वाढली.

शेवटी निर्णय आला. नियमपालकांनी पाटीवर एक नवाच वर्ग उघडला होता : एनी परसेंट, सासऱ्यांसह. त्यात एकच नोंद होती, तिरंग्याच्या चित्रापुढे, पूर्वा आणि भीमराव. वर्गात दुसरं कुणी नसल्यामुळे जागतिक उच्चांक.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. ‘जागतिक विक्रमाबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मधोमध, काळा गॉगल लावलेला, हात जोडलेला, सर्जेरावांचा फोटो. त्यांच्या बाजूला भीमराव, निवृत्तीच्या दिवशीच्या हारासकट. आणि अगदी खाली कोपऱ्यात, आधार कार्डावरून काढलेली, घाबरल्यासारखी दिसणारी पूर्वा. तिकिटाएवढी. भाजीवाली तिला म्हणाली, ‘‘ताई, तुमचे सासरे काय जिंकले हो?’’ पूर्वाने अर्धा किलो गवार घेतली.

फ्लेक्स पावसाने फाटला. त्याच सुमारास एका सकाळी पूर्वाने पाटी उघडली आणि बघतच राहिली. ब्राझीलच्या त्या नियमपालकाने स्वतःच्या सासऱ्याला शेजारी बसवून तिचा उच्चांक मोडला होता.

तिने भीमरावांना ती चित्रफीत दाखवली. ब्राझीलचे सासरे बनियनवर होते, दाढी वाढलेली, हातात काहीतरी पेय. जावई काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबलं, आणि मडकेवाला भिंतीतून सटकला.

भीमरावांनी चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा.

‘‘आपलं कुठे कमी पडलं?’’ त्यांनी विचारलं.

पूर्वाने चित्रफीत थांबवली. खरं सांगावं की नको. ‘‘तुम्ही ‘आत्ता?’ विचारता ना, तिथे.’’

‘‘पस्तीस वर्षांची सवय आहे ती.’’

‘‘माहितेय, बाबा.’’

भीमरावांनी उठून खिडकीचा पडदा ओढला, म्हणजे काचेवर उजेड पडणार नाही. दुसरा रिमोट घेतला. स्टूल पूर्वाच्या शेजारी ओढलं. पहिला किल्ला गेला, दुसरा गेला, तिसऱ्यात मडकेवाला भिंतीत जाऊन बसला. पूर्वाने तोंड उघडलं, पण शब्द बाहेर यायच्या आत शेजारून खट्ट आवाज आला. फार लवकर. मडकं फुटलं, मडकेवाला मेला.

भीमराव पडद्याकडे समाधानाने बघत राहिले.

‘‘लवकर झालं,’’ ते म्हणाले. ‘‘पण विचारलं नाही.’’